दम्याचा पेशंट, सिगारेटचा पैसा आणि दलदलीत वसवलेलं व्हेनिस : ॲबट किनीची गोष्ट

रील्स बघायची सवय असेल तर हा बीच तुम्ही नक्की पाहिलेला आहे. फक्त नाव माहिती नसेल.

उंचच उंच ताडाची झाडं, रंगवलेल्या भिंती, उघड्यावर लोखंड उचलणारे पैलवान, सिमेंटच्या खड्ड्यात स्केटबोर्डवरून उड्या मारणारी पोरं, फुटपाथवर चित्रं विकणारे कलाकार, कुणी गिटार वाजवतंय, कुणी पत्ते मांडून भविष्य सांगतंय. मागे पॅसिफिक महासागर आणि त्यात बुडणारा सूर्य.

हा आहे लॉस एंजेलिसचा व्हेनिस बीच. अमेरिकेतल्या सगळ्यात कलंदर वस्त्यांपैकी एक.

आता प्रश्न असा की व्हेनिस तर इटलीत आहे. मग हे नाव कॅलिफोर्नियात कसं पोहोचलं? आणि बीचपासून पाच-दहा मिनिटं चाललं की अचानक खरेखुरे कालवे, त्यावरचे छोटे पूल आणि पाण्यात तरंगणाऱ्या होड्या दिसतात, त्या कुठून आल्या?

याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे. त्याचं नाव ॲबट किनी. त्याला लोकांना शहाणं करायचं होतं, पण लोकांना रोलर कोस्टर हवा होता. या भांडणातून जे तयार झालं, तेच आजचं व्हेनिस.

सिगारेटचा धंदा आणि श्वासाचा त्रास

ॲबट किनीचा जन्म १८५० सालचा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातला. घरची परिस्थिती बरी होती. मामाकाकांमध्ये एक जण थेट सिनेटर. तरुणपणी तो युरोपात शिकायला गेला. भाषा शिकला, भरपूर भटकला, आणि इटली त्याच्या डोक्यात कायमची जाऊन बसली.

परत आल्यावर तो भावाच्या तंबाखूच्या धंद्यात उतरला. किनी ब्रदर्स ही तेव्हाची मोठी कंपनी. त्यांचा स्वीट कॅपोरल हा सिगारेटचा ब्रँड अमेरिकेत तुफान चालायचा. ॲबटकडे काम होतं चांगला तंबाखू शोधून आणायचं. त्यासाठी तो पार तुर्कस्तानापर्यंत जाऊन आला.

पैसा आला, पण शरीर साथ देत नव्हतं. किनीला दमा होता, जोडीला निद्रानाश. सिगारेटच्या पैशावर श्रीमंत झालेल्या या माणसाला रात्री श्वास घेताना धाप लागायची. हवापालट करायला म्हणून तो जगाच्या प्रवासाला निघाला.

बिलियर्डच्या टेबलावरची झोप

१८८० च्या जानेवारीत जगप्रवास करत करत किनी सॅन फ्रान्सिस्कोला उतरला. तिथून रेल्वेने पूर्वेला घरी जायचं होतं. पण सिएरा नेवाडाच्या डोंगरात इतका बर्फ पडला होता की पूर्वेकडचा रस्ताच बंद. वाट बघत बसण्यापेक्षा दक्षिण कॅलिफोर्निया बघून घेऊ म्हणून तो खाली लॉस एंजेलिसकडे आला.

तिथे डोंगराच्या पायथ्याशी सिएरा माद्रे व्हिला नावाचं आरोग्यधाम होतं. किनी पोहोचला तेव्हा एकही खोली रिकामी नव्हती. असं सांगतात की शेवटी त्याची सोय बिलियर्डच्या टेबलावर करण्यात आली.

आणि त्या टेबलावर हा माणूस रात्रभर गाढ झोपला. सकाळी उठला तर धाप नाही, खोकला नाही.

बस्स. घरी जायचा बेत रद्द. किनीने तिथेच शेकडो एकर जमीन विकत घेतली, संत्र्या-लिंबांच्या बागा लावल्या आणि आपल्या नावावरून त्या इस्टेटीचं नाव ठेवलं किनेलोआ.

नुसता शेठ नव्हता

इथपर्यंत वाचून वाटेल की एका श्रीमंताने जमीन घेतली, त्यात काय विशेष. पण किनीला कुठल्याही प्रश्नात उडी घ्यायची खोड होती.

१८८३ साली लेखिका हेलन हंट जॅक्सन हिला सरकारने एक काम दिलं. कॅलिफोर्नियातल्या मूळ आदिवासी लोकांच्या जमिनी गोरे लोक बळकावत होते, त्यांची नेमकी अवस्था काय आहे ते बघून अहवाल द्यायचा. तिने सोबतीला किनीला घेतलं. दोघं घोडागाडीतून गावोगाव फिरले आणि सरकारला कडक अहवाल दिला. सरकारने लगेच काही केलं नाही. वैतागून जॅक्सनने १८८४ मध्ये ‘रमोना’ ही कादंबरी लिहिली, ती प्रचंड गाजली. या लोकांना दिलासा देणारा कायदा व्हायला मात्र १८९१ साल उजाडलं, आणि तोवर जॅक्सन हयात नव्हती.

दुसरा विषय जंगलांचा. लॉस एंजेलिसच्या मागे सॅन गॅब्रिएलचे डोंगर आहेत. तिथली झाडं तोडली, वणवे लागले की पावसाचं पाणी जमिनीत मुरत नाही. मग पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात झरे कोरडे. खालच्या शेतकऱ्याची बाग वरच्या जंगलावर जगते, हे किनीला स्वतःच्या बागेमुळे कळलेलं. तो राज्याच्या पहिल्या वन मंडळाचा अध्यक्ष झाला. १८८७ मध्ये त्याने सांता मोनिकाजवळ झाडांवर प्रयोग करणारं केंद्र उभं केलं. १८९२ मध्ये हे डोंगर राखीव जंगल म्हणून जाहीर झाले. कॅलिफोर्नियातलं ते पहिलं राखीव जंगल, आणि त्यासाठी झटणाऱ्यांत किनी पुढे होता.

निलगिरीच्या झाडाचं तर त्याला वेडच होतं. त्यावर त्याने अख्खं पुस्तक लिहिलं. आज त्याच निलगिरीला वणवे भडकवणारं परदेशी झाड म्हणून कॅलिफोर्नियात शिव्या बसतात, हा भाग वेगळा.

नाणेफेक आणि दलदल

१८९१ च्या सुमारास किनीने फ्रान्सिस रायन या भागीदारासोबत सांता मोनिकाच्या दक्षिणेला समुद्रकिनारी जमीन घेतली. रेल्वे आणली, पिअर म्हणजे समुद्रात जाणारा लांब धक्का बांधला, प्लॉट पाडले. ओशन पार्क नावाची वस्ती उभी राहिली.

१८९८ मध्ये रायन वारला. पुढे त्याचा हिस्सा वेगवेगळ्या हातांत गेला आणि नव्या भागीदारांशी किनीचं जमेना. १९०४ च्या सुरुवातीला वाटणी करायचं ठरलं. उत्तरेचा भाग तयार होता, तिथे इमारती होत्या, उत्पन्न सुरू होतं. दक्षिणेचा भाग म्हणजे वाळूचे ढिगारे आणि खाऱ्या पाण्याची दलदल.

नाणं उडवलं गेलं. किनी जिंकला. आता हा उत्तर भाग घेणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. किनीने दलदल मागून घेतली.

लोकांना वाटलं याचं डोकं फिरलं. पण त्याचा हिशोब सरळ होता. जमिनीत पाणी आहेच, तर ते बाहेर काढत बसण्यापेक्षा त्याचेच कालवे करू. वाफेवर चालणारी यंत्रं आणि घोडे लावून खोदकाम सुरू झालं. मधोमध मोठं तळं, त्याला जोडलेले सात कालवे, बाजूला घरांचे प्लॉट. भरतीच्या वेळी समुद्राचं पाणी आत येणार आणि कालवे धुऊन निघणार, अशी योजना. मुख्य रस्त्यावर इटालियन पद्धतीच्या कमानी आणि खांब. होड्या आणि त्या वल्हवणारे नावाडी थेट इटलीहून.

नाव ठेवलं व्हेनिस ऑफ अमेरिका.

वादळाने सगळं मोडलं, तरी तारीख बदलली नाही

उद्घाटन ४ जुलै १९०५ ला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी ठरलं होतं. पण १९०५ च्या सुरुवातीलाच समुद्राने हिसका दाखवला. वादळी लाटांनी बांधून होत आलेला पिअर आणि त्यावरच्या इमारती मोडून टाकल्या.

दुसरा कुणी असता तर वर्षभर पुढे ढकललं असतं. किनीने शेकडो कामगार लावले आणि दिवसरात्र पाळ्यांमध्ये काम सुरू केलं. लाटा अडवायला समुद्रात दगडांचा बांध घालायची सरकारी परवानगीही मिळवली. तो बांध आजही व्हेनिसच्या किनाऱ्यासमोर पाण्यात उभा आहे.

४ जुलैला व्हेनिस उघडलं. लॉस एंजेलिसहून विजेच्या ट्राम भरभरून आल्या. हजारो लोकांनी कालवे बघितले, होड्यांत बसले, संध्याकाळी दिव्यांची रोषणाई पाहिली.

लोकांना हवं होतं वेगळंच

आता खरी गंमत. किनीला फक्त पिकनिक स्पॉट बांधायचा नव्हता. त्याच्या मते इटलीतल्या व्हेनिससारखं हे शहर कलेचं आणि विचारांचं केंद्र व्हायला हवं होतं. त्यासाठी त्याने मोठं सभागृह बांधलं. पहिल्याच उन्हाळ्यात विद्वानांची व्याख्यानं ठेवली, शास्त्रीय संगीताच्या मैफिली ठेवल्या.

खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

लोक यायचे, पण त्यांना समुद्रात डुंबायचं होतं, बँडच्या तालावर नाचायचं होतं, काहीतरी चटकदार खायचं होतं. आठवडाभर कारखान्यात किंवा ऑफिसात राबलेला माणूस रविवारी व्याख्यान ऐकायला कशाला येईल?

१९०६ मध्ये जगप्रसिद्ध फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नहार्टने याच व्हेनिसमध्ये नाटक केलं, तो एक मानाचा क्षण होता. पण रोजचा गल्ला अशा क्षणांवर चालत नाही.

इथे किनीमधला धंदेवाईक माणूस जागा झाला. तो अडून बसला नाही. पिअरवर रोलर कोस्टर आले, नाचाचा हॉल आला, जहाजाच्या आकाराचं रेस्टॉरंट आलं. गरम केलेल्या समुद्राच्या पाण्याचा मोठा तलाव, मत्स्यालय, उंटाची सवारी आणि गावभर फिरणारी छोटीशी रेल्वेगाडीही आली. ज्या माणसाला विद्यापीठासारखं काहीतरी उभारायचं होतं, त्याच्या नावावर किनाऱ्यावरची सगळ्यात मोठी जत्रा उभी राहिली.

सिनेमावाल्यांनाही ही जागा लगेच सापडली. १९१४ साली इथे लहान मुलांच्या गाड्यांची शर्यत सुरू असताना एक अनोळखी नट मध्येमध्ये येऊन कॅमेऱ्यासमोर लुडबुड करतो, अशी काही मिनिटांची फिल्म शूट झाली. ढगळ पँट, छोटी मिशी, गोल टोपी, हातात काठी. चार्ली चॅप्लिनचा तो फाटका ‘ट्रॅम्प’ प्रेक्षकांना पहिल्यांदा दिसला तो याच फिल्ममध्ये. मागे उभी असलेली गर्दी म्हणजे खरे व्हेनिसकर, आणि हा माणूस पुढे जगभर ओळखला जाणार आहे याची त्यांना काहीच कल्पना नव्हती.

मालकाचं घर ड्रायव्हरला मिळालं, पण तिथे राहता आलं नाही

या झगमगाटाला एक काळी बाजू होती. व्हेनिस उभं करण्यात, ते झाडण्या-पुसण्यात आणि सजवण्यात काळ्या लोकांचा मोठा हात होता. आर्थर रीझ नावाचा काळा माणूस साफसफाईच्या कामापासून सुरुवात करून अख्ख्या गावाच्या सजावटीचा प्रमुख झाला. उत्सवांतले मोठमोठे पुतळे आणि चित्ररथ तो बनवायचा. पण या लोकांना घर घ्यायचं तर मोकळीक होती ती ओकवूड या एका भागात.

रीझच्या नात्यातलाच आयर्विंग टेबर हा किनीचा ड्रायव्हर. दोघांचं नातं मालक-नोकराच्या पुढे गेलेलं. प्रवासात एखाद्या हॉटेलने टेबरला खोली नाकारली तर किनीही तिथे थांबायचा नाही, अशी आठवण सांगितली जाते.

किनीच्या मृत्यूनंतर ग्रँड कालव्याकाठचं त्याचं राहतं घर या टेबरकडे आलं. पण तो भाग गोऱ्यांचा. आजूबाजूचे लोक काळ्या कुटुंबाला तिथे राहू द्यायला तयार नव्हते.

मग टेबरने काय केलं? त्याने घरच हलवलं. घराचे तुकडे केले, ते ओकवूडला नेले आणि तिथे पुन्हा जोडून उभे केले. ते घर आजही ओकवूडमध्ये उभं आहे. एका माणसाने दुसऱ्याला मनापासून दिलेली भेट गावाच्या नियमांनी कशी कापून काढली, हे बघायचं असेल तर व्हेनिसमध्ये त्या घराइतकी दुसरी खूण नाही.

एका माणसासोबत त्याचं गावही गेलं

४ नोव्हेंबर १९२० ला ॲबट किनी वारला. कारण होतं फुप्फुसाचा कॅन्सर. तंबाखूने ज्याला श्रीमंत केलं त्याचा शेवट असा झाला.

त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच डिसेंबरमध्ये पिअरला आग लागली आणि किनीने उभं केलेलं बरंचसं जग राख झालं. त्याच वर्षी अमेरिकेत दारूबंदी लागू झाली होती, त्यामुळे धंदाही बसलेला. मुलाने पिअर पुन्हा बांधला, पण गावाचा कारभार ढासळत गेला. १९२५ मध्ये लोकांनी मतदान करून व्हेनिस लॉस एंजेलिस शहरात विलीन केलं.

शहराला कालव्यांचं कौतुक नव्हतं. खरं सांगायचं तर कालव्यांची अवस्थाही वाईट होती. भरतीचं पाणी पुरेसं आत-बाहेर होतच नव्हतं, पाणी साचायचं आणि वास मारायचा. शिवाय आता घरोघरी मोटारी आल्या होत्या आणि त्यांना रस्ते हवे होते. रहिवासी कोर्टात लढले, हरले. १९२९ मध्ये किनीचे बहुतेक कालवे मातीने बुजवून वर डांबर टाकण्यात आलं. मधलं मोठं तळं म्हणजे आज विंडवर्ड सर्कल नावाचा वाहतुकीचा चौक आहे.

मग आज आपण रील्समध्ये बघतो ते कालवे कुठले? ते बहुतेक किनीचे नाहीतच. त्याच्या कालव्यांना लागून दक्षिणेला दुसऱ्या बिल्डरांनी त्याच काळात काही कालवे खोदले होते. तिथे वस्ती विरळ होती, त्यात महामंदी आली, म्हणून ते बुजवायचं राहून गेलं. पुढे कित्येक वर्षं पडून राहिले आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दुरुस्त झाले.

पडीक गाव कलंदरांचं कसं झालं

१९२९ च्या अखेरीस इथे तेल सापडलं. घरांच्या मधोमध तेलविहिरींचे मनोरे उभे राहिले, किनारा काळा पडला. १९४६ मध्ये शहराने पिअरचा भाडेपट्टा वाढवून दिला नाही आणि तोही बंद झाला. समुद्राकाठी असूनही व्हेनिस हा लॉस एंजेलिसचा टाकून दिलेला कोपरा झाला.

पण टाकून दिलेल्या जागेत एक गोष्ट असते. भाडं स्वस्त असतं.

आणि स्वस्त भाडं म्हटलं की कवी, चित्रकार, गाणारे, बेकार आणि स्वप्नाळू लोक येतात. १९५० च्या दशकात बीट पिढीचे कवी इथल्या कॅफेंमध्ये रात्र-रात्र कविता वाचू लागले. १९६५ मध्ये जिम मॉरिसन आणि रे मँझरेक याच वाळूत भेटले आणि ‘द डोअर्स’ हा बँड जन्माला आला. त्याच वर्षी जो गोल्डने इथे गोल्ड्स जिम उघडली. तिथे घाम गाळायला पुढे ऑस्ट्रियाहून अर्नॉल्ड श्वार्झनेगर आला. १९७० च्या दशकात मोडक्या पिअरभोवती सर्फिंग करणाऱ्या पोरांनी रिकाम्या स्विमिंग पूलमध्ये स्केटबोर्ड घातले आणि त्या खेळाची तऱ्हाच बदलली.

किनीला कलेचं शहर हवं होतं. ते त्याच्या हयातीत व्याख्यानं ठेवून आलं नाही. तो गेल्यावर, त्याचं सगळं मोडकळीला आल्यावर, आपोआप आलं.

गेलात तर काय बघाल

सकाळी कालव्यांपासून सुरुवात करा. तेव्हा गर्दी नसते. मग विंडवर्ड ॲव्हेन्यूवर या, किनीच्या काळच्या काही कमानी आणि नक्षीदार खांब तिथे अजून आहेत. चौकात उभे राहिलात की तुम्ही एका बुजवलेल्या तळ्यावर उभे आहात हे लक्षात ठेवा. पुढे ओशन फ्रंट वॉकवर स्केट पार्क, व्यायामाचा उघडा आखाडा आणि कलाकारांच्या रांगा. तिथून समुद्राकडे बघितलं की दगडांचा तो १९०५ चा बांध दिसेल.

आणि वेळ असेल तर ॲबट किनी बुलेव्हार्डवर एक चक्कर मारा. बीचपासून जवळच्या या रस्त्याला त्याचं नाव खूप उशिरा, त्याच्या मृत्यूला सत्तर वर्षं होत आली तेव्हा मिळालं. आज तिथे महागडी दुकानं आणि त्याहून महागडी कॉफी आहे. मोठ्या टेक कंपन्यांची ऑफिसं आली, तशी भाडी आकाशाला भिडली. ओकवूडमधली पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली काळी कुटुंबं घरं विकून निघून जाऊ लागली. दुसरीकडे त्याच किनाऱ्यावर बेघर लोकांचे तंबूही दिसतात.

म्हणजे ज्या स्वस्ताईने व्हेनिसला कलंदर बनवलं, ती स्वस्ताईच आता संपली आहे. फुटपाथवर चित्रं विकणारा कलाकार अजून तिथे आहे, पण संध्याकाळी गाशा गुंडाळून तो राहायला व्हेनिसमध्येच जातो असं आता छातीठोकपणे सांगता येत नाही. व्हेनिससमोरचा आजचा खरा प्रश्न हाच आहे, आणि यावेळी तो सोडवायला नाणं उडवून दलदल मागून घेणारा कुणी ॲबट किनी नाही.